कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत चार्जच होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, सर्किट्स हा विषय मनापासून आवडतोय म्हणून लॅबमधला आरसी (रेझिस्टरमधून कपॅसिटर) चार्जिंगचा प्रयोग ब्रेडबोर्डवर परत करून बघतोय.

सप्लाय ५ व्होल्ट, रेझिस्टर १ मेगाओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, यावरून चार्जिंगचा वेग कळतो) १० सेकंद, म्हणजे मिनिटभरात ५ च्या अगदी जवळ जायला हवं, पण मल्टिमीटरचा आकडा ४.४ वर येऊन चिकटतो आणि दहा मिनिटं थांबलं तरी हलत नाही. सप्लाय मोजलाय, बरोबर आहे. पोलॅरिटी तपासली, त्याच जातीचा दुसरा कपॅसिटर लावला, तेच. रेझिस्टर १०० किलोओहमचा लावला की मात्र ४.९३ पर्यंत जातं!

मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम आहे, तो धरून व्होल्टेज डिव्हायडरचं (१ मेगाओहम आणि मीटर यांच्यात ५ व्होल्ट वाटले जातात) गणित केलं तर ४.५५ येतं, मग उरलेले ०.१५ कुठे जातात? कपॅसिटरच्या लीकेजवर (त्याच्या आतून झिरपणाऱ्या करंटवर) संशय आहे. फिल्म कपॅसिटर एवढ्या व्हॅल्यूचा जवळ नाही, ऑसिलोस्कोप पण नाही, फक्त हा एकच मीटर आणि थोडे रेझिस्टर. एवढ्या सामानात मीटरचं लोडिंग (मीटर स्वतः करंट ओढतो तो परिणाम) आणि लीकेज वेगवेगळं कसं मोजता येईल?