'रजनी'च्या आधी आणि नंतर

अभिनेत्री प्रिया तेंडुलकर म्हणजे फक्त दूरदर्शन मालिकेतली 'रजनी', असं कुणी म्हटलं की मला काही पटत नाही बुवा. 1974 च्या 'अंकुर'मध्ये अनंत नागची बायको सरू तिनेच केली होती. छोटी भूमिका, पण ती घरात पाऊल टाकते आणि सिनेमाचा ताणच बदलतो.

'रजनी'चं गारूड मात्र खरंच. 1985, दूरदर्शन, बासु चॅटर्जींचं दिग्दर्शन. साधी साडी, खांद्याला पर्स आणि समोरच्याला नियम विचारायची सवय! टॅक्सीवाल्यांवरचा भाग तर इतका झोंबला की त्यांनी निषेध केला. मालिकेतल्या गृहिणीवर खरी माणसं चिडतात, अभिनयाला याहून मोठी पावती कोणती? पुढे लोक तिच्याकडे खऱ्या तक्रारी घेऊन यायला लागले, आणि तिनेही ते अंग झटकून टाकलं नाही. सामाजिक प्रश्नांवर बोलत राहिली, नंतर स्वतःच्या नावाचा टॉक शोही केला.

लेखिका म्हणून तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, याचं जास्त वाईट वाटतं. विजय तेंडुलकरांची मुलगी म्हणून तुलना ठरलेलीच, पण 'ज्याचा त्याचा प्रश्न'मधल्या कथा वाचून बघा. 2002 मध्ये गेली तेव्हा जेमतेम 47 वर्षांची होती.