शब्दचर्चा : मंदायन, शैथिल्य की सरळ हिस्टेरिसिस?

तर्जुमा
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या विद्युत संशोधनावरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे. विद्युत अभियंता स्टाइनमेट्झ, सिलिकॉन-पोलादवाला धातुतज्ज्ञ हॅडफिल्ड, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीची स्कनेक्टडीची प्रयोगशाळा, असा सगळा मामला. त्यात 'हिस्टेरिसिस' (चुंबकन बदलताना लोखंड मागे राहतं आणि ऊर्जा वाया जाते, ते) पावलोपावली येतो. मी 'मंदायन' लिहिलं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'शैथिल्य' केलंय आणि समासात शेरा मारलाय, "मंदायन कुणाला कळणार?" मग शैथिल्य तरी कुणाला कळणार? शिवाय तो हिंदी पुस्तकांतला शब्द.

नमुन्याचं वाक्य : 'सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचा पत्रा 1903 च्या सुमारास कारखान्यांत निघू लागला आणि रोहित्रांतला मंदायनापायी होणारा ऊर्जाव्यय एकदम खाली आला.' (रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर.) याच परिच्छेदात पुढे लोखंडाचं 'एजिंग' आहे, म्हणजे वापरात वर्षागणिक तोटा वाढत जाणं. त्यालाही शब्द हवाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डिओवाला
प्रकाश टाकायला आधी लाईट तर यायला हवी. आमच्याकडे सकाळपासून गायब आहे.
सबस्टेशनात नोकरी झाली, निवृत्त झालो. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेनंतर हिस्टेरिसिस हा शब्द कुणी उच्चारलेला आठवत नाही. आम्ही 'कोअर लॉस' म्हणायचो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज. लोड असो नसो, लाईन चालू आहे तोवर तो चालूच. मध्यरात्री भार जवळजवळ शून्यावर आला तरी तेलाचं तापमान हवेपेक्षा वरच दिसतं, ते त्यापायी. तुम्हीही कोअर लॉस लिहा आणि मोकळ्या व्हा.

तर्जुमा
डिओवाला काका, तसं करता येत नाही ना. कोअर लॉसमध्ये भोवरा-प्रवाहही (लोखंडातच गोल फिरणारे प्रवाह, एडी करंट) येतात, आणि या प्रकरणात दोन्ही वेगळे काढून मोजलेत. स्टाइनमेट्झचं 1892 चं काम तेच आहे : चुंबकन जितकं तीव्र, त्याच्या 1.6 व्या घाताच्या प्रमाणात हिस्टेरिसिसचा तोटा. तोवर यंत्र बांधायचं आणि मग किती तापतं ते बघायचं अशी रीत होती. त्यानंतर कागदावर आधी हिशोब मांडता येऊ लागला. तिथे मोघम शब्द वापरून कसं चालेल?

खारीगाव फास्ट
हिस्टेरिसिस आणि हिस्टेरिया एकच ना? म्हणजे लोखंडाच्या अंगात येणं. 'झपाटणं' घ्या, सगळ्यांना कळेल.

खनित्र
नाही हो. हिस्टेरिया आला तो गर्भाशयाच्या ग्रीक शब्दावरून. हिस्टेरिसिस हा शब्द युइंग नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने 1880 च्या दशकात घडवला, 'मागे पडणे, उशिरा पोचणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. त्या वेळी तो टोकियोत शिकवत होता आणि फावल्या वेळात भूकंप मोजत होता. आता गंमत पाहा. त्या क्रियापदामागचं 'हुस्टेरोस', म्हणजे 'नंतरचा', आणि आपला 'उत्तर' ही सख्खी भावंडं आहेत. उत्तरार्धातला उत्तर. तेव्हा शुद्ध कुळातलाच शब्द हवा असेल तर 'औत्तर्य' म्हणा.

खारीगाव फास्ट
औत्तर्य! यापेक्षा झपाटणं बरं होतं.

धातुकाम
इथे सगळे कोशातून बोलताहेत, लोखंडाकडे कुणी बघत नाही. मंदायन आणि शैथिल्य दोन्ही चूक आहेत, आणि वेगवेगळ्या कारणांनी.

गुंडाळीतला प्रवाह वाढवत नेला की लोखंडाचं चुंबकत्व वाढतं. प्रवाह शून्यावर आणला की चुंबकत्व शून्यावर येत नाही, थोडं उरतं. ते घालवायला उलटा प्रवाह द्यावा लागतो. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी. दोन्हींमधलं क्षेत्रफळ म्हणजे दर फेरीला उष्णतेत गेलेली ऊर्जा. आपल्याकडे सेकंदाला 50 फेऱ्या, दिवसरात्र. आता 'मंद' म्हटलं की वाटतं, लोखंडाला वेळ दिला तर ते बरोबर येईल. तसं नाही. कितीही सावकाश फिरवा, ते क्षेत्रफळ मिटत नाही. आणि 'शैथिल्य' तर उफराटंच. सैल, मऊ लोखंडात हा प्रकार कमी असतो आणि पाणी दिलेल्या कडक पोलादात जास्त. मग शिथिल कोण?

तर्जुमा
हे मस्त समजावलंत. मग तुम्ही कोणता शब्द घ्याल?

धातुकाम
हिस्टेरिसिस. घासून गुळगुळीत झालेला आहे, कुठे टोचत नाही.

शुद्धपक्ष
हेच ऐकायचं बाकी होतं. इंग्रजांनी ग्रीकमधून उचललेला शब्द आपण डोक्यावर घ्यायचा आणि आपल्या शब्दांना 'कुणाला कळणार' विचारायचं. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हा लोक हसलेच होते. आज मेयर कोण म्हणतं? वापरला की रुळतो.

डिओवाला
महापौर निवडून येतो, पेपरात त्याचा फोटो येतो, म्हणून शब्द रुळला. मंदायनाचा फोटो कोण छापणार?

मळेकरी
मला एक सांगा ताई, ते रोहित्र म्हणजे आमची डीपीच ना? पेपरात 'रोहित्र जळाले' वाचतो, पण वायरमनला फोन करून रोहित्र जळालं सांगितलं तर तो म्हणेल राँग नंबर. 'डीपी गेली' म्हटलं की लगेच विचारतो, डिओ (खांबावरचा फ्यूज) उडालाय का बघा.

शुद्धपक्ष
डीपी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन पॉइंट. म्हणजे जागा. यंत्राचं नाव ते नव्हेच.

डिओवाला
पॉइंट नव्हे, डबल पोल. दोन खांब रोवून मधल्या चॅनलवर ट्रान्सफॉर्मर बसवतात, त्या सांगाड्याला आमच्या एस्टिमेटात डीपी स्ट्रक्चर लिहायचे. सांगाड्याचं नाव वरच्या पेटीला चिकटलं, एवढंच.

मळेकरी
आमची एकाच खांबावर आहे. तरी डीपीच म्हणतो.

खनित्र
'रोहित्र'ला हसू नका, फार खानदानी घडण आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'अर्तिलूधूसूखनसहचर इत्रः'. त्यातून अरित्र म्हणजे वल्हं, लवित्र म्हणजे विळा, खनित्र म्हणजे कुदळ (माझं टोपणनाव तिथूनच). जनित्र, चलित्र, रोहित्र ही त्याच साच्यात पुढे पाडलेली नाणी. रुह् म्हणजे चढणे. दाब चढवतं ते रोहित्र.

धातुकाम
आणि उतरवतं ते? मळेकरींच्या शेताजवळ 11,000 व्होल्ट येतात आणि 400 होऊन बाहेर पडतात. तिथे काहीच चढत नाही.

खनित्र
ते 'अवरोहित्र'. आरोह-अवरोह आपल्याला नवीन नाहीत.

डिओवाला
म्हणजे खोपोलीला रोहित्र आणि परळला अवरोहित्र? 1915 पासून टाटांची वीज वळवण-शिरवत्याच्या पाण्यावर खोपोलीत तयार होऊन लाखभर व्होल्टांनी मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. घाटपायथ्याला दाब चढवायचा, गिरणगावात उतरवायचा. दोन्ही टोकांच्या पेट्या आतून सारख्याच : पत्र्यांचा गठ्ठा, दोन गुंडाळ्या, तेल. उलटी जोडली की चढवणारी उतरवू लागते. मग काय, जोडणी बदलली की बारसं नव्याने करायचं?

खनित्र
हिंदीवाल्यांनी 'परिणामित्र' केलंय. बदल घडवतं ते. अर्थाला चोख आहे, पण जिभेला नाही. त्यापेक्षा रोहित्र परवडलं.

कोलारकर
अवांतर होईल, पण खोपोलीच्याही आधी 1902 साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोचली होती. 147 किलोमीटर लांब लाईन, त्या काळी लांबीत जगात गणली जाणारी. यंत्रं जनरल इलेक्ट्रिकची. ताईंच्या वाक्यात सिलिकॉन पत्रा 1903 चा आहे, म्हणजे कोलारच्या ट्रान्सफॉर्मरांत साधं लोखंडच असणार. त्यांचा कोअर लॉस वर्षागणिक वाढत गेला असेल.

तर्जुमा
कोलारकर, तेच ते एजिंग! माझा दुसरा प्रश्न. त्याला कुणी हातच लावला नाही.

धातुकाम
लावतो. जुन्या लोखंडात थोडा कार्बन आणि नायट्रोजन विरघळलेला असायचा. पेटी महिनोन्‌महिने गरम राहिली की त्याचे बारीक कण आत साचतात, चुंबकत्वाला अडवतात आणि तोटा चढत जातो. नवी घेतली तेव्हा सोन्यासारखी, दोन वर्षांत बिल वाढलेलं. सिलिकॉनने ते दुखणं घालवलं. शिवाय पत्र्याचा विद्युतरोध वाढल्यामुळे भोवरा-प्रवाहही आटले. शब्द म्हणाल तर 'वार्धक्य' नको. पत्रा झिजत नाही, वाकत नाही, गंजतही नाही. 'थकवा'ही नको, तो फटीगसाठी आधीच वापरात आहे.

खारीगाव फास्ट
लोखंड 'मुरणं'?

तर्जुमा
मुरलेलं लोणचं चांगलं लागतं हो. इथे अर्थ उलटा होईल.

मळेकरी
आम्ही बैल 'उतरला' म्हणतो. दिसायला तोच, पण ओढ कमी. लोखंड उतरलं म्हणा.

धातुकाम
पसंत. उतरलेला पत्रा. कारखान्यात चालून जाईल.

शुद्धपक्ष
चालणार नाही. ग्रंथात 'बैल उतरला' छापाची भाषा आली तर उद्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत काय विचारणार? 'उतरण्याची कारणे सांगा'?

डिओवाला
विचारू देत की. निदान मुलांना प्रश्न तरी कळेल.

मळेकरी
पण डीपी गुणगुणते ती या हिस्टेरिसिसनेच का?

धातुकाम
नाही, ते वेगळं. चुंबकन झालं की पत्रा लांबीत किंचित बदलतो, दर फेरीत दोनदा. म्हणून 50 च्या दुप्पट, 100 चा घुमारा. त्याला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात.

शुद्धपक्ष
'चुंबकीय आकुंचन' म्हणतात.

धातुकाम
लोखंड आधी लांबतं, साहेब. आकुंचन कसं म्हणणार?

खनित्र
'विरूपण' घ्या. वि-रूप, रूप बदलणं.

मळेकरी
राहू द्या. ताई, एक शंका : पुस्तकात डीपी 'ती' करणार की 'तो'? माझे विदर्भातले पाहुणे 'तो डीपी' म्हणतात आणि दर वेळी वाद होतो.

डिओवाला
तीच. आमच्या रजिस्टरात कायम 'डीपी बंद केली, डीपी चालू केली' असंच लिहिलेलं असायचं.

खनित्र
ट्रान्सफॉर्मर पुल्लिंगी, रोहित्र नपुंसकलिंगी, डीपी स्त्रीलिंगी. एकाच पेटीला तिन्ही लिंगं, यावर स्वतंत्र धागा काढतो.