नवी हिमालयन ४५० की जुनी ३९० ॲडव्हेंचर? दोघं, सामान आणि मनाली-लेह

कासपठार: मंडळी, २०२१ ची केटीएम ३९० ॲडव्हेंचर बाइक (अलॉय व्हील) चांगल्या भावात मिळतेय. नवी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० घ्यायची तर बजेट ताणावं लागेल. वर्षभर सातारा-पुणे आणि कोकणातले घाट, ऑगस्टमध्ये मनाली-लेह. मागे बायको, दोन सॅडलबॅग. उंची ५ फूट ६ इंच. वापरणाऱ्यांनीच सांगा.

घाटवाट: आधी सीटवर बसून बघा, बाकीचं नंतर. ३९० ची सीट ८५५ मिमी, हिमालयनची ८२५ (वर केली तर ८४५). तुमच्या उंचीला ३९० वर जेमतेम चवडे टेकतील. एकट्याने चालतं. मागे माणूस असताना उतारावर खडीत थांबायचं म्हटलं की घाम फुटतो. वजन मात्र उलटं आहे: ३९० साधारण १७७ किलो, हिमालयन १९६. आडवी पडली की हा फरक कळतो, चालताना नाही.

इंजिनाचा स्वभावही वेगळा. हिमालयनचा ४० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद) ५५०० आरपीएमला मिळतो, ३९० चा ३७ थेट ७००० ला. डबलसीट घाट चढताना हिमालयन तिसऱ्यात निवांत ओढते. ३९० कमी आरपीएमवर ठोकते, चेन झटके देते, सारखे गिअर पाडावे लागतात. हायवेला मात्र ३९० पुढे, त्यात वाद नाही.

चेनकिट: ३९० ची बाजूही ऐका. वळणातलं एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर) हे सगळं २०२१ च्या गाडीतही आहे. हिमालयनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पावसातल्या घाटात शेणा-मातीवर ते कामाचं.

जुनी घेताना हे बघा:
- पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला.
- फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) नळीवर तेलाची कड दिसली तर ऑइल सील.
- दोन्ही चाकं फिरवून रिमच्या कडेकडे नजर ठेवा. खड्ड्यात बसलेलं अलॉय तिथेच लहरतं, मग हवा हळूहळू उतरते.
- इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. नंतर फॅन लागेपर्यंत गाडी चालू ठेवा आणि वॉटर पंपाखाली ओल आहे का ते तपासा.

मालक गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

घाटवाट: रिमचा मुद्दा बरोबर. म्हणूनच लेहला अलॉय असेल तर ३९० च्या पुढच्या चाकाची १९ इंची ट्यूब बरोबर हवी. रिम वाकली की ट्यूबलेसचा धागा (पंक्चरच्या भोकात भरायचा) काही कामाचा नाही, आत ट्यूब घालूनच पुढे जायचं.

हिमालयन घेतलीत तर ट्यूबलेस स्पोकवालीच मागा. ट्यूबवाली असेल तर २१ इंची ट्यूब ठेवा. अडचणीत ती मागच्या १७ इंचीत घडी सांभाळून बसवता येते, उलटं जमत नाही. अशी ट्यूब घातली की पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत ४०-५० च्या वर जाऊ नका. तीन टायर लिव्हर, व्हॉल्व्ह काढायची चावी, पंप. टायर चढवण्याआधी ट्यूबमध्ये गोल होण्यापुरतीच हवा भरा, नाहीतर लिव्हरखाली चिमटते आणि नवं पंक्चर तयार. पुढचं चाक काढलेलं असताना ब्रेक लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

कासपठार: आणि पेट्रोल? ३९० ची टाकी पुरेल?

चेनकिट: मनालीहून जाताना तांदीनंतर भरवशाचा पंप थेट लेहच्या अलीकडे कारूला, साधारण ३३० किमी. डबलसीट, चढ, सामान धरून २५ चं मायलेज पकडा. १४.५ लिटरमध्ये ३६० च्या आसपास, म्हणजे काठावर. तीन लिटरचा धातूचा कॅन घ्याच. काठोकाठ भरू नका आणि वर गेल्यावर झाकण सावकाश उघडा, आत दाब धरतो. हिमालयनच्या १७ लिटरमध्ये ४२५ जातात, कॅनची गरज नाही.

घाटवाट: कोणतीही घ्या, निघण्याआधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन-तीन खाचा वाढवा. दोघं बसून, बॅगा लावून, मगच बघा. नाहीतर मागचा भाग दबतो, साइड स्टँडवर गाडी सरळच उभी राहते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. चेनचा ढिलेपणाही प्रीलोड लावल्यावरच मॅन्युअलप्रमाणे मोजा.