मत नसताना बायकांनी कायदे करून घेतले, की नुसतं श्रेय मिळालं?

आरती द.
अमेरिकेतल्या महिला क्लबांचा विषय निघाला की ‘चहा, बिस्किटं आणि निबंधवाचन’ म्हणून बोळवण होते. मला ते पटत नाही. १९०६चा शुद्ध अन्न व औषध कायदा बघा. त्याआधी पंचवीसेक वर्षं अशी विधेयकं यायची आणि अडायची. न्यू जर्सीतल्या क्रॅनफर्ड गावच्या ग्रामसुधार मंडळाच्या अ‍ॅलिस लेकी यांनी सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांना व्याख्यानाला बोलावलं आणि हा विषय क्लबाक्लबांत पोचला. खासदारांच्या टेबलावर पत्रांचे गठ्ठे पडायला लागले. १९०५मध्ये लेकी शिष्टमंडळाबरोबर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटल्या. हे सगळं बहुतेक राज्यांत बायकांना मताचा अधिकार नसताना.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९०४च्या सेंट लुईस प्रदर्शनात खाण्याच्या पदार्थांतून काढलेल्या रंगांनी लोकर आणि रेशीम रंगवून मांडलं होतं. पोरांच्या पोटात जाणारा रंग कापडावर असा चढलेला दिसल्यावर भाषण कशाला हवं?

मंदार
श्रेय जरा सढळ हाताने वाटताय, आरतीताई. १९०६ साली शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी गाजली आणि देशभर किळस पसरली, ते विसरलात? शिवाय हाइन्झसारख्या बड्या उत्पादकांनाच हा कायदा हवा होता, भेसळवाले त्यांचा भाव पाडत होते. पत्रं आली हे खरं, पण दार आतून कोणीतरी आधीच किलकिलं केलं होतं.

आणि बायकांच्या संघटनेने लावून धरलं म्हणजे ते चांगलंच, असंही नाही. १८७४ला स्थापन झालेल्या महिला मद्यपान-विरोधी संघाने पिढ्यानपिढ्या जोर लावला, त्यातून १९२०ची देशव्यापी दारूबंदी आली. पुढे चोरटी दारू आणि टोळ्या. अशा उत्साहाची मला धास्तीच वाटते.

सुहास
मंदार, दारूबंदी उठवण्याच्या मागणीसाठी १९२९मध्ये उभी राहिलेली मोठी संघटनाही बायकांचीच होती, पॉलिन सेबिन यांची. १९३३ला बंदी गेली. तेव्हा कायदा आणणं आणि उलटवणं, दोन्ही त्यांना जमलं म्हणायचं. धास्ती घ्यायची तर दोन्हीची घ्या!

नीलाक्षी
तुम्ही सगळे जिंकलेल्या लढाया मोजताय. हरलेलीही बघा.

१९२१मध्ये शेपर्ड-टाउनर कायदा झाला. गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी केंद्राने राज्यांना पैसे द्यायचे. डॉक्टरांची संघटना विरोधात होती, तरी झाला. कारण १९२०मध्ये बायकांना मत मिळालं होतं आणि त्या एकगठ्ठा मतदान करतील या भीतीने खासदारांची झोप उडाली होती. पुढच्याच वर्षी, १९२२मध्ये, झुंडबळीविरोधी डायर विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. मेरी टॅलबर्ट यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय बायकांनी त्यासाठी देशभर मोहीम चालवली, पैसे उभे केले. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणं लांबवून ते बुडवलं. झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा व्हायला २०२२ उजाडलं!

कष्टात कुठे कमी होती? दक्षिणेत कृष्णवर्णीयांचं मत कागदावरच होतं, म्हणून तिथल्या सिनेटरला त्यांची भीती नव्हती. आणि गोऱ्या क्लबांच्या महासंघाने १९०० साली मिलवॉकीच्या अधिवेशनात जोसेफिन रफिन यांना त्यांच्या कृष्णवर्णीय क्लबाच्या प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नव्हतं, हेही धाग्यात यायलाच हवं.

मंदार
मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना? १९०६लाही त्या बायका वकील-डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या घरातल्या होत्या. मत नव्हतं, पण मत असलेला नवरा जेवायला समोर बसायचा. याला तळागाळाची चळवळ कशी म्हणायची?

आरती द.
नीलाक्षी, रफिन यांचा मुद्दा बिनतोड आहे.

मंदारराव, क्लबातल्या बायका सुखवस्तू होत्या, मान्य. पण शेपर्ड-टाउनरच्या पैशातून परिचारिका आणि तपासणी केंद्रं खेड्यापाड्यांत गेली, ती काही क्लबातल्या बायकांच्या बाळंतपणासाठी नव्हती. फायदा कुणाचा झाला तेही बघा की. बायका एकगठ्ठा मत देत नाहीत हे कळल्यावर खासदारांची भीती ओसरली आणि १९२९मध्ये तो निधी बंद पडला. तिथेच सगळं संपलं असतं तर मी तुमच्याशी सहमत झाले असते. पण १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात माता-बालकांसाठीचा निधी परत आला, आणि त्या भागाचा मसुदा केंद्र सरकारच्या बालक विभागातल्या बायकांनी तयार केला होता. १९१२मध्ये तो विभाग उभा राहावा म्हणून पत्रं कुणी लिहिली होती? याच क्लबांनी.