मारुती ८०० चे हेड घरी पोर्ट करावे का?

तापीकाठ (भुसावळ)
नमस्कार. माझ्याकडे १९९७ ची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. हेड (इंजिनाचे वरचे झाकण) आणि ब्लॉक यांमधले गॅस्केट उडाल्यामुळे हेड उतरवले असून सध्या ते ओसरीवर पाटावर ठेवले आहे. कार्बन खरवडताना इनटेक पोर्टच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या वाटेच्या, आत ओतकामाची शिवण बोटाला लागली. शिवाय मॅनिफोल्डचे (पोर्टना जोडलेल्या नळ्यांचे) तोंड आणि हेडचे तोंड एकमेकांवर नीट बसत नाही, एका बाजूला सुमारे दीड मिलिमीटरचा फरक दिसतो. हेड हाताशी आहेच, तर पोर्ट मोठे करून आरशासारखे पॉलिश करावे असे मनात आहे. गाडी रोज जळगावपर्यंत जाते आणि महिन्यातून एकदा कन्नड घाट चढते. आमच्या लेथवाल्यांनी ‘हात लावू नका’ एवढेच सांगितले, कारण विचारले तर हसले. हे काम घरी जमेल का, आणि जमत असेल तर कोठे थांबावे?

जुनी_गाडी (धुळे)
दादा, काम घरी जमते. मात्र ‘मोठे’ आणि ‘आरशासारखे’ हे दोन्ही शब्द आधी बाजूला ठेवावेत. आपले इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम २६५ सीसी येतात. इतक्या लहान सिलिंडरला कमी आरपीएमवर हवा पुरते ती पोर्टमधल्या तिच्या वेगामुळे. पोर्ट रुंद केला की हा वेग पडतो, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, नेमका जेथे जोर हवा तेथे, गाडी मरगळते. पॉलिशचेही तसेच आहे: कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीला चिकटून ओघळतात, म्हणून इनटेकचा पोर्ट ८० ते १२० नंबरच्या कागदाने घासून तसाच खरखरीत सोडतात. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) पोर्टला हवे तर चकाकी आणावी, तेथे कार्बन कमी धरतो. त्याने ताकद वाढेल अशी आशा मात्र धरू नये.

खरा फायदा सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडीच्या) लगेच खाली, शेवटच्या बोटभर अंतरात आहे. कारखान्यातील कटर जेथे थांबला तेथे एक धार राहते. तिच्यावर हवा आपटते. ती धार आणि ओतकामाची शिवण उतरवावी, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीभोवतीचा) उंचवटा दोन्ही बाजूंनी निमुळता करावा, पण गाइड आखूड करू नये. पोर्ट जेथे व्हॉल्व्हकडे वळतो तेथील आतल्या वळणाला खोदू नये, कारण वळण तीव्र झाले की हवा भिंत सोडते. शिवाय पलीकडे पाण्याची जागा असते आणि धातू किती उरला आहे हे बाहेरून दिसत नाही.

तोंडे जुळवण्यासाठी नवे गॅस्केट ठेवून सुईने रेघ आखावी आणि रेघेपासून आत हळूहळू निमुळते घासत जावे. इनटेकला हेडचे तोंड मॅनिफोल्डपेक्षा केसभर मोठे चालते. एक्झॉस्टला मॅनिफोल्ड मोठा असावा, हेडचे तोंड नव्हे.

सातपुडा_गॅरेज (नंदुरबार)
वरील सर्व मान्य. माझी एक चूक सांगतो. पहिल्या हेडला मी सीटवर जुना व्हॉल्व्ह न बसवता डायग्राइंडर (बर, म्हणजे दातेरी पाते, फिरवणारे हातातले यंत्र) चालवला. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा बरच्या दातांत भरला, बर उसळला आणि एक्झॉस्ट सीटवर तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. सीट बदलावी लागली. त्यामुळे आधी टाकाऊ व्हॉल्व्ह बसवावेत, अ‍ॅल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा बर घ्यावा आणि तो अधूनमधून रॉकेलमध्ये बुडवावा. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके हवेच.

लेथवरून (जळगाव)
‘हात लावू नका’ असे आम्ही म्हणतो, कारण आमच्याकडे हेड बहुधा खाच पडल्यावरच येते. कामाचा क्रम असा ठेवावा: आधी पोर्ट, मग गाइड, मग सीट कापणे आणि व्हॉल्व्ह घोटणे (पेस्ट लावून सीटवर घासून बसवणे), शेवटी हेडचा चेहरा (ब्लॉकवर बसणारी सपाट बाजू). आपले गॅस्केट उडाले आहे, तेव्हा सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी कोठे शिरते का हे आधी पाहावे. शिरली तर हेड वाकले आहे, पोर्टचा विचार नंतर. हेड बसवताना बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळावेत.

आणखी एक गोष्ट. हवा जास्त जाऊ लागली की मिश्रण पातळ होऊ शकते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, त्यात घाट आणि भरलेली गाडी. इंजिन टणटणू लागले तर कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) तपासावा. प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे, पांढरे पडलेले नसावे.

तापीकाठ (भुसावळ)
सर्वांचे आभार. पट्टी ठेवून पाहिली, फीलर कोठेही शिरत नाही. रुंदी तशीच ठेवून केवळ शिवण, सीटखालची धार आणि तोंडे इतकेच घासले. तिन्ही पोर्टना दोन रविवार लागले. सीट लेथवर कापून आणून व्हॉल्व्ह घोटले आणि व्हॉल्व्ह गळतात का हे पाहण्यासाठी हेड उलटे करून चेंबरमध्ये रॉकेल ओतले. दोन चेंबर तासभर कोरडे राहिले. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमधून रॉकेल झिरपले, म्हणून तो व्हॉल्व्ह आज पुन्हा पेस्ट लावून घोटायला घेतला आहे.