माणसाला दुसऱ्याच्या वाट्याची खरंच पर्वा असते का?

खडूफळा:
गेम थिअरी म्हणजे एकमेकांच्या चालीवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं शास्त्र. तिच्या पाठ्यपुस्तकातला माणूस फक्त स्वतःचा वाटा मोजतो. असा माणूस प्रयोगात फारसा सापडत नाही, हे माझं ठाम मत. अल्टिमेटम गेम घ्या. एक जण रकमेची वाटणी सुचवतो. दुसऱ्याने होकार दिला तर त्याप्रमाणे पैसे मिळतात, नकार दिला तर दोघांच्याही हाती भोपळा. निव्वळ स्वार्थ पाहिला तर दुसऱ्याने मिळेल ते घ्यायला हवं. ग्यूथ, श्मिटबर्गर आणि श्वार्त्से यांनी १९८२ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानंतर तो कितीतरी वेळा झालाय. विद्यार्थ्यांमध्ये बहुतेक जण ४० ते ५० टक्के देऊ करतात, आणि २० टक्क्यांहून कमी वाटा बरेच जण धुडकावतात. फेर आणि श्मिट यांनी १९९९ मध्ये हेच सूत्रात मांडलं: आपल्याला कमी मिळालं तर खुपतं, जास्त मिळालं तरी थोडं खुपतंच. विषमता टाळायला माणूस पदरमोड करतो, यात मला शंका वाटत नाही.

शेषप्रश्न:
नकारातून समतेची ओढ कशी सिद्ध होते? नकार द्यायला राग पुरेसा आहे. पर्वा तपासायची तर समोरच्याचा नकाराचा हक्कच काढून घ्या. तो झाला डिक्टेटर गेम. एंगेल यांनी २०११ मध्ये अशा शंभराहून जास्त प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला: सरासरी २८ टक्के दिले जातात, आणि एक तृतीयांशाहून जास्त लोक काहीच देत नाहीत. कोणी किती दिलं हे प्रयोग घेणाऱ्यालाही कळणार नाही अशी सोय १९९४ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केली, तर ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी छदामही दिला नाही.

याहून बोलका प्रयोग डेना, वेबर आणि कुआंग यांचा, २००७ चा. ‘मला ६, त्याला १’ की ‘दोघांना ५-५’? सगळं समोर दिसत असताना जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी समान वाटा निवडला. मग समोरच्याला किती मिळणार हे झाकून ठेवलं. बटण दाबलं की फुकटात कळणार होतं. तरी निम्म्याच्या जवळपास लोकांनी ते दाबलंच नाही. पर्वा असलेला माणूस बटण दाबणार नाही?

खडूफळा:
आणि ज्यांनी दाबलं त्यांचं काय? कोणाला काही कळणार नसतानाही ज्यांनी पैसे दिले, ते कोणाला दाखवायला दिले?

कवडसा:
तुम्ही दोघंही फक्त अंतिम रकमा मोजताय. फाल्क, फेर आणि फिशबाखर यांचा २००३ चा प्रयोग इथे यायलाच हवा. खेळ अल्टिमेटमचाच, आणि वाटणी दर वेळी तीच: १० पैकी सुचवणाऱ्याला ८, समोरच्याला २. बदलत होता तो सुचवणाऱ्यापुढचा दुसरा पर्याय. तो ५-५ असताना सुमारे ४४ टक्क्यांनी नकार दिला. दुसरा पर्यायही ८-२ च असला, म्हणजे निवडीला वावच नसला, तर १८ टक्क्यांनी. आणि दुसरा पर्याय ‘सगळे १० मला’ असला, तर जेमतेम ९ टक्क्यांनी.

खडूफळा, नुसती विषमता खुपत असती तर हे आकडे सारखे आले असते. शेषप्रश्न, तुमच्यासाठीही यात अडचण आहे. हाती तेच २ असताना माणूस समोरच्याची नियत वाचतो आणि त्यावर स्वतःचे पैसे सोडतो. हे स्वार्थात कुठे बसतं? माझ्या मते खरा विषय हा आहे, आणि नुसत्या रकमांवर उभं राहिलेलं कुठलंही सूत्र त्याला पुरं पडणार नाही.

खडूफळा:
मान्य, नियत मोजायला हवी. पण ते १८ टक्के विसरू नका. तिथे कोणाचीच नियत वाईट नव्हती, तरी त्यांनी पैसे सोडले.

शेषप्रश्न:
नियत वाचायची ती कोणत्या चष्म्यातून? हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १५ लहान समाजांमधले अल्टिमेटम गेमचे निकाल मांडले. पेरूमधले माचिगुएंगा सरासरी २६ टक्के देऊ करायचे आणि ते बहुधा स्वीकारले जायचे. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ लोकांमध्ये मात्र रकमेच्या निम्म्याहून मोठे वाटेही नाकारले गेले, कारण तिथे मोठी भेट घेतली की देणाऱ्याचं मिंधं व्हावं लागतं. मग ही व्यक्तीची पसंती कशी? ही तर समाजाची रीत.

कवडसा:
रीत शिकलेली असली तरी पैसे सोडणारा हात त्या माणसाचाच असतो. एकाच समाजातले, एकाच रीतीत वाढलेले दोघे त्याच ८-२ वर वेगळं वागतात, याचं उत्तर रीतीत मिळत नाही. ते तुम्ही कसं देता, हे वाचायला आवडेल.