शब्दचर्चा : टॉर्क, आघूर्ण, परिबल, पीळ... आणि 'जडत्व'मधला जड

मी तालुक्याच्या गावात बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी नाहीतर सेमी इंग्लिशमधनं आलेली असतात आणि बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, त्यामुळं टॉर्क (बलाचा फिरवण्याचा परिणाम) आणि मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्यातल्या बदलाला वस्तूचा विरोध) एकदम अंगावर येतं. सूत्र पाठ असतं, गणितही सुटतं, पण म्हणजे काय गं असं विचारलं की वर्ग गप्प. मागच्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मोमेंट म्हणजे क्षण ना, मग इथं क्षणाचा काय संबंध?" प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून हा धागा काढतेय.

मला माहीत असलेले शब्द सांगते. टॉर्कला बल आघूर्ण, हिंदी पाठ्यपुस्तकांतही हाच आहे. आघूर्णऐवजी मराठीत परिबल असंही आहे. मोमेंट ऑफ इनर्शियाला जडत्व आघूर्ण, आणि विश्वकोशात निरूढी परिबल. आघूर्णमध्ये संस्कृत घूर्ण् म्हणजे फिरणं आहे, शब्द चांगला आहे, पण मुलं तो पहिल्यांदा 'अपूर्ण' वाचतात. माझी खरी अडचण 'जडत्व'शी आहे. आपल्या बोलण्यात जड म्हणजे वजनदार, पोतं जड, दप्तर जड. त्यामुळं मुलांच्या डोक्यात बसतं की जी वस्तू जड तिचं जडत्व आघूर्ण जास्त आणि विषय संपला. खरं तर वजन किती यापेक्षा ते आसापासून कुठं आहे याला जास्त महत्त्व, कारण सूत्रात वस्तुमान एकदाच येतं आणि अंतराचा वर्ग येतो. ४० किलोचं चाक घ्या, त्रिज्या ३० सेंटिमीटर. सगळं वजन कडेला असेल तर जडत्व आघूर्ण ३.६, तेच वजन सारखं पसरलेल्या भरीव तबकडीत असेल तर निम्मं, १.८. काट्यावर दोन्ही ४० किलोच. हे 'जड' या शब्दातनं कसं कळणार? तुम्ही काय शब्द वापरता?

प्रतिसाद :
ताई, मी आयटीआय फिटर, वीस वर्षं गॅरेज लाइनला आहे. आमच्यात टॉर्कला टॉर्कच म्हणतात, नटाला टॉर्क मार, टॉर्क लावलास का. पण टॉर्क रेंच हातात यायच्या आधीपासून आम्ही जे म्हणायचो ते सांगतो, "जोर लांबनं लाव." चाकाचा नट जाम असला की नवीन पोरगा पान्याला मधेच धरतो आणि लालबुंद होईपर्यंत ओढतो, त्याला नुसतं सांगायचं की मागं धर. तरी नाही सुटला तर पान्यात पाइप घालायचा. पाना पाव मीटरचा, त्यावर २० किलोचा जोर म्हणजे साधारण २०० न्यूटन लावला तर ५० न्यूटन मीटर होतात, त्याच माणसानं तेवढ्याच ताकदीनं एक मीटरचा पाइप घालून ओढलं की २००. पोरगा तोच आणि ताकदही तीच. आणि जोर पान्याला काटकोनात पाहिजे, पान्याच्या दिशेनं ओढलंत तर कितीही ओढा, नट हलत नाही. जुन्या मॅन्युअलमध्ये हे आकडे किलोग्रॅम मीटरमध्ये असायचे, १० म्हटलं की आताचे ९८ न्यूटन मीटर, ते लक्षात न घेता टाइट करणाऱ्यांनी किती बोल्टचे आटे घालवले असतील.

प्रतिसाद :
मग सरळ 'पीळ' का नको? इंग्रजी टॉर्कसुद्धा लॅटिनमधल्या पिळणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच आलाय. आणि तो शब्द तिकडंही फार जुना नाही, फिजिक्समधल्या या अर्थानं तो छापील लेखनात १८८४ ला आला, सुचवला होता जेम्स थॉमसन यांनी, लॉर्ड केल्विनचे थोरले भाऊ. त्यांनी साधा शब्द उचलला, आपण का घाबरायचं.

प्रतिसाद :
पीळ मला पटत नाही. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतो तेव्हा पीळ म्हणजे दोरीत बसलेला वळसा, म्हणजे परिणाम. टॉर्क हे कारण आहे. नटाला टॉर्क लावला आणि तो फिरला तर त्यात पीळ कुठंच पडला नाही, उलट तो जाम राहिला आणि आपण ओढतच बसलो तर बोल्ट पिळवटतो, तो खरा पीळ. कारण आणि परिणाम एकाच शब्दात घातले तर पुढं इंजिनिअरिंगला टॉर्शन, म्हणजे वस्तूला पडणारा पीळ, शिकताना पोरं परत अडकतील.

परिबल मला त्याहून बरा वाटतो, परि म्हणजे भोवती, भोवती फिरवणारं बल, टॉर्कला अगदी चपखल. पण हाच शब्द पुढं 'निरूढी परिबल' मध्ये वापरलाय आणि तिथं तो दिशाभूल करतो, कारण जडत्व हे बल नाहीच मुळी, ते वस्तू बलाला किती विरोध करते याचं माप आहे. विश्वकोशात हे जमून जातं कारण तिथं फोर्सला बल नाही, प्रेरणा म्हणतात. शाळेत मात्र फोर्स म्हणजे बल, त्यामुळं शाळेतनं आलेल्या मुलाला निरूढी परिबल हे कुठलंतरी वेगळं बल वाटणार. त्यापेक्षा आघूर्ण परवडला.

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाबद्दल. लॅटिन मोमेंटममध्ये हालचाल, तराजूचं पारडं कलेल एवढा लहानसा भार आणि वेळेचा लहानसा भाग, असे सगळे अर्थ होते. क्षणवाला मोमेंट आणि आपला मोमेंट ही एकाच घरातली दोन भावंडं. ऑयलरनं १७६५ च्या ग्रंथात जडत्वासाठी हे नाव वापरलं तेव्हा त्याच्या मनात वेळ नव्हती. तिला पारडं दाखवा, काट्याजवळ ठेवलेलं वजन आणि दांडीच्या टोकाला ठेवलेलं वजन, कळेल.

धागाकर्ती :
पारडं छान आहे, उद्याच दाखवते. आणि फिटर दादा, "जोर लांबनं लाव" हे मी फळ्यावर लिहिणार आहे, कारण यात 'कुठं' आलंय. मला आता असं वाटायला लागलंय की टॉर्क काय आणि जडत्व आघूर्ण काय, दोन्हींत 'किती'च्या जोडीला 'कुठं' आहे, आणि आपले शब्द फक्त 'किती' सांगतात. बल किती, जड किती. जोर कुठं लावला ते टॉर्कमध्ये, वजन कुठं बसलंय ते आघूर्णात.

प्रतिसाद :
मॅम, मी बारावीत आहे, एक शंका. टॉर्कचं युनिट न्यूटन मीटर आणि कामाचंही न्यूटन मीटरच, मग टॉर्कला ज्यूल का नाही म्हणत? आणि बातम्यांत गाडीची शक्ती लिहितात ती टॉर्क का?

धागाकर्ती :
बाळा, कामात बल आणि त्याच दिशेनं कापलेलं अंतर यांचा गुणाकार असतो, टॉर्कमध्ये बल आणि त्याला आडवं असलेलं अंतर. दादांचा नट जाम आहे, १०० न्यूटन मीटर लावलाय आणि नट हललाच नाही, तर टॉर्क १०० आणि काम शून्य. तोच नट तेवढ्याच टॉर्कनं एक रेडियन म्हणजे साधारण ५७ अंश फिरला तर १०० ज्यूल काम झालं. म्हणून वेगळं लिहायचं. शक्ती म्हणजे पॉवर, ती टॉर्क गुणिले कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग. टॉर्कला "फिरवणारी शक्ती" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते पेपरात लिहू नकोस, मार्क जातात आणि अर्थही चुकतो.

प्रतिसाद :
जडत्वासाठी माझ्याकडं एक शब्द आहे, 'पिकअप'. गाडीचा नव्हे, बॅटचा. आम्ही दुकानात बॅट घ्यायला जायचो तेव्हा काट्यावरचं वजन कुणी फारसं बघत नसे, हातात धरून उचलून दोनदा फिरवायची आणि म्हणायचं पिकअप मस्त आहे. सारख्याच वजनाच्या दोन बॅटी, एकीचं लाकूड खाली टोकाकडं जास्त, ती हाताला जड लागते, दुसरीचं जरा वर, ती हलकी लागते. हे जडत्व आघूर्णच आहे. मुलांना सांगा, एकच बॅट आधी मुठीला धरून फिरवायची, मग उलटी करून पात्याला धरून फिरवायची. फरक लगेच हाताला कळतो आणि बॅटचं वजन तर एका ग्रॅमनंही बदललेलं नसतं.

प्रतिसाद (फिटर) :
एक नंबर. आमच्याकडं याचं दुसरं टोक आहे, विहिरीवरचं जुनं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन. वडील हॅंडल मारायचे आणि मला लिव्हर धरायला बसवायचे. लिव्हर वर केला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, कंप्रेशन येत नाही म्हणजे आतली हवा दाबली जात नाही, मग हॅंडलनं फ्लायव्हील फिरवत फिरवत वेग आणायचा, पहिले दोन फेरे फार जड जातात, मग ते आपल्या हातातनं पुढं पळायला लागतं, वडील "सोड" म्हणाले की लिव्हर सोडायचा. त्याक्षणी कंप्रेशन येतं, माणसाच्या हातानं ते दाबलं जाणं अवघड, पण फ्लायव्हील पिस्टनला ओढून त्यातनं पार करतं आणि इंजिन धरतं. ते चाक नीट बघा, सगळं लोखंड कडेला आहे, मधे नुसते आरे. बैलगाडीच्या चाकासारखं. मधे लोखंड घातलं असतं तर वजन वाढलं असतं आणि उपयोग फार थोडा झाला असता.

धागाकर्ती :
दादा, 'पहिले फेरे जड जातात' यात तुम्हीच 'जड' बरोबर वापरलात की! जड आहे असं नाही, जड जातं. फिरवायला जड जातं आणि फिरत असताना थांबवायलाही जड जातं. मग जडत्व शब्द ठेवू, फक्त शिकवताना 'फिरवायला किती जड जातं' असं म्हणू. टॉर्कला तोंडी टॉर्क, लिहिताना बल आघूर्ण.

आज वर्गात एक करून बघितलं. एक मीटरची फळी, एका टोकाखाली दोन वह्या, वरनं कॅरमचा स्ट्रायकर आणि हातातलं कडं एकदम सोडलं. सगळी पोरं म्हणाली जे जड ते आधी पोचणार. गणितानं भरीव तबकडी एक मीटर खाली येते तेव्हा कडं ७५ सेंटिमीटरवर असायला हवं, वजन काहीही असो, त्रिज्या काहीही असो. तिसऱ्या खेपेला दोन्ही सरळ घरंगळली आणि कडं पाऊण फळीच्या जवळपास असतानाच स्ट्रायकर खाली पोचला. मग क्षणवाल्या मुलीनं स्ट्रायकरच्या जागी बेअरिंगची भरीव गोळी आणून लावली, ती स्ट्रायकरच्याही पुढं जाईल का हे तिला बघायचं होतं. घंटा झाली तरी तीन जणी फळीपाशीच होत्या.

प्रतिसाद :
जाईल, पण थोडक्यात. गोळी एक मीटरला पोचेल तेव्हा स्ट्रायकर ९३ सेंटिमीटरवर असेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्यायला सांगा, नुसत्या डोळ्यांनी भांडणं होतील.